हायड्रिला: फ्लोरिडातलं तण, जेऊरमधला रहिवासी

आज एखाद्या पुस्तकाबद्दल नाही, एका परिच्छेदाबद्दल लिहितेय. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींवरचे एम.एस्सी.चे प्रकल्प, छोटे पेपर, कधीकधी प्रबंधसुद्धा काढून बघा. तलाव कुठलाही असो, हायड्रिला हे नाव आलं की पुढची वाक्यं जवळपास ठरलेली असतात. ही आक्रमक जलवनस्पती आहे, ती झपाट्याने वाढते, पाण्यातला ऑक्सिजन कमी करते, स्थानिक प्रजातींना हुसकावून लावते, म्हणून तिचं निर्मूलन करावं. मग एक-दोन परदेशी संदर्भ, आणि पुढची प्रजाती.

हा परिच्छेद मीही लिहिलाय. जेऊरपासून जवळच उजनीचं बॅकवॉटर सुरू होतं. तिथल्या काठावरून गोळा केलेल्या वनस्पतींवर माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "स्थानिक प्रजातींना हुसकावते म्हणता, मग ही स्वतः कुठली?" मी गप्प. उत्तर खरं तर दोन शब्दांचं होतं: इथलीच, सर.

त्या गप्प बसण्यातून मला जे समजलं ते सांगते. या परिच्छेदात चूक एक नाही, तीन आहेत. नाव तपासलेलं नसतं, मूळ घर तपासलेलं नसतं, आणि ज्या पाण्याबद्दल आपण लिहितो ते पाणीही तपासलेलं नसतं. क्रमाने बघू.

पहिली चूक: नाव

काठावर कुणालाही विचारलं की पाण्याखालच्या हिरव्या गुंत्याला एकच शब्द मिळतो, शेवाळ. हायड्रिला शेवाळ, सिरॅटोफायलम शेवाळ, आणि खरं शैवाल असलेलं स्पायरोगायराही शेवाळ. यात मच्छीमाराची चूक नाही. जाळ्यात अडकलेला गुंता झटकून टाकताना त्याला प्रजाती कळून काही उपयोग नसतो. आपल्याला असतो. "स्थानिक नाव: शेवाळ, शास्त्रीय नाव: हायड्रिला व्हर्टिसिलाटा" एवढं लिहून तक्ता भरणं म्हणजे ओळख पटवणं नव्हे.

ओळख पटवायची तर एक फांदी मुळासकट काढा, पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. मग एकेक सारखं दिसणारं बाजूला काढत चला.

पान टोकाकडे दोन-दोन फाट्यांत विभागलेलं आहे आणि झाडाला मूळच नाही? ते सिरॅटोफायलम. पानाच्या तळाशी खोडाला कवटाळणारं आवरण आहे, पानं जोडीजोडीने आहेत किंवा तीन-तीनचा झुबका वाटतो, आणि खोड काडकन मोडतं? नायासकडे वळा. पानं मंडलात नसून खोडावर एकाआड एक आहेत? निकामँड्रा असू शकेल. पट्टीसारखी लांब पानं थेट चिखलातून झुबक्याने वर आली आहेत? ती व्हॅलिसनेरिया.

आता उरतं हायड्रिला आणि तिच्याच कुळातल्या दोन परदेशी बहिणी. त्यातली इजेरिया मत्स्यालयाच्या दुकानांत विकली जाते, म्हणून आपल्याकडेही सावध राहायचं. हायड्रिलाच्या एका मंडलात साधारण तीन ते आठ पानं असतात, इजेरियात बहुधा चार किंवा जास्त, इलोडियात बहुधा तीन. आकडे एकमेकांत मिसळतात, आणि हायड्रिलाच्या खालच्या भागात पानं जोडीनेही येतात. त्यामुळे नुसती पानं मोजून निकाल देऊ नका. हायड्रिलाच्या पानाच्या कडेला स्पष्ट दात असतात, ते बोटाला खरखरीत लागतात. मधल्या शिरेवर खालच्या बाजूने बहुतेक वेळा बारीक काटे असतात. पानाच्या बगलेत दोन इवले खवले असतात. हायड्रिलात त्यांच्या कडेला तांबूस-तपकिरी केसांची झालर असते, इजेरिया आणि इलोडियात ती नसते. फूल असेल तर काम आणखी सोपं. इजेरियाचं फूल पांढरं, लांबून दिसणारं, हायड्रिलाचं काही मिलिमीटरचं.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र चिखलात असतो. फांदी ओढून तोडलीत तर तो गेला. हात चिखलात घालून आडवी मुळं सोडवा. त्यांच्या टोकाला वाटाण्याएवढे पांढुरके किंवा पिवळसर कंद सापडले तर ते हायड्रिलाचे. इजेरियाला आणि इलोडियाला असे कंद येत नाहीत.

म्हणूनच मोबाईलवरच्या एका फोटोवरून किंवा ॲपने सुचवलेल्या नावावरून केलेली यादी मला पटत नाही. फोटोत दात दिसत नाहीत, खवले दिसत नाहीत, कंद तर नाहीच नाही. नमुना ठेवायला हवा. पाणवनस्पती काठावर बाहेर काढून दाबली तर तिचा गोळा होतो. ट्रेमध्ये पाणी घ्या, जाड कागद पाण्याखाली सरकवा, फांदी त्यावर तरंगू द्या, सुईने पसरवा आणि कागद तिरका करून हळूच उचला. फुलं आणि कंद सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवा, कारण वाळलेल्या नमुन्यावर पुढे फारसं काही कळत नाही. मग पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात जाऊन तिथल्या नमुन्यांशी ताडून बघा. जेऊर स्टेशनवरून रेल्वेने जाता येतं. प्रकल्पाच्या वेळी मी गेले नव्हते, म्हणूनच सांगतेय.

पुस्तकं काय देतात, काय देत नाहीत

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. कुक मूळचे इंजिनियर, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांची वर्णनं आजही भरवशाची आहेत. पण वापरताना दोन गोष्टी विसरू नका. एक, नावं बदलली आहेत. आजची निकामँड्रा तिथे लॅगॅरोसायफन या नावाखाली सापडते. दोन, त्यांनी हा भाग पाहिला तेव्हा इथे भीमा नदी होती, उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. त्यामुळे "कुक यांनी इथून नोंद केलेली नाही, म्हणून ही प्रजाती नंतर आली" असा तर्क काढता येत नाही. नोंद नसणं आणि वनस्पती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९३०च्या दशकात बिस्वास आणि काल्डर यांची भारत आणि ब्रह्मदेशातल्या पाणवनस्पतींवरची पुस्तिका आली. ती सरकारच्या आरोग्यविषयक पत्रिकांच्या मालेत निघाली, मलेरियाच्या कामाशी जोडलेली. पाण्यातलं झाड आपल्या शास्त्रात बऱ्याचदा डासांच्या, कालव्यांच्या किंवा मत्स्यशेतीच्या अडचणीतून शिरलं, याची आठवण ही पुस्तिका करून देते. अडचण मोजणाऱ्याला झाड आधी अडचण म्हणूनच दिसणार.

के. सुब्रमण्यम यांचं 'अक्वॅटिक अँजिओस्पर्म्स' १९६२ साली सी.एस.आय.आर.ने काढलं. सुरुवात करणाऱ्याने हे आधी हाती घ्यावं असं मला वाटतं. सी. डी. के. कुक यांचं भारतातल्या पाणथळ वनस्पतींवरचं १९९६चं पुस्तक अधिक व्यापक आहे. हे कुक वेगळे, संदर्भ देताना दोघांची गल्लत करू नका.

या ग्रंथांचं मुख्य काम नाव आणि वर्णन देण्याचं आहे, आणि ते काम ते चोख करतात. त्या झाडाचं एखाद्या विशिष्ट पाण्यात काय चाललंय हे सांगणं त्यांचं काम नाही. ती जागा आपण भरायची असते. आपण ती बाहेरून आणलेल्या वाक्यांनी भरतो. दुसरी चूक तिथून येते.

दुसरी चूक: घर

या वनस्पतीचं पहिलं शास्त्रीय वर्णन धाकट्या लिनियसने १७८२ साली सर्पिक्युला व्हर्टिसिलाटा या नावाने प्रसिद्ध केलं, भारतातल्या नमुन्यावरून. पुढे १८३९ साली रॉयलने तिला आजचं नाव दिलं. म्हणजे जगाला ही वनस्पती शास्त्रात भेटली तीच भारतीय म्हणून.

मग आक्रमक हा शब्द आला कुठून? अमेरिकेतून. १९५०च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून ती श्रीलंकेहून फ्लोरिडात पोचली. १९६०च्या सुमारास तिथल्या नैसर्गिक पाण्यात दिसू लागली तेव्हा सुरुवातीला तिला इलोडिया समजलं गेलं. वर सांगितलेले दात आणि कंद वेळेवर पाहिले न गेल्याची किंमत काय असते, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढे डीएनएच्या तुलनेत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली, नर आणि मादी झाडं वेगळी असणारी हायड्रिला बंगळूरच्या नमुन्याच्या जवळची निघाली. तिकडे या प्रकारची फक्त मादी झाडं पोचली. ती बी न धरता तुकड्यांनी आणि कंदांनीच पसरली.

तिथे ती एवढी का माजली, याचं एक उत्तर पुन्हा भारतातच येतं. तिच्यावर जगणारे कीटक शोधायला अमेरिकी शास्त्रज्ञ भारत-पाकिस्तानात आले. बंगळूरकडून नेलेली हायड्रेलिया पाकिस्तानी ही माशी १९८७ साली फ्लोरिडात सोडली गेली आणि रुजली. तिच्या अळ्या पान आतून पोखरतात. त्याच वर्षी बॅगस ॲफिनिस नावाचा भुंगाही सोडला. त्याच्या अळ्या चिखलातले कंद खातात, पण पाणी ओसरून चिखल उघडा पडला तरच त्या कंदापर्यंत पोचतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तळी आटतात, म्हणून त्याचं जमतं. फ्लोरिडातलं पाणी तसं ओसरत नाही, म्हणून तो तिथे टिकला नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा प्रकल्पातला माझा परिच्छेद मला खोडून टाकावासा वाटला. झाड तेच. पण इथे त्याचे खाणारे आहेत आणि त्याला दरवर्षी उघडं पाडणारा उन्हाळा आहे. फ्लोरिडाच्या पेपरचं इंट्रोडक्शन उचलून सोलापूर जिल्ह्याच्या पाण्यावर चिकटवलं की हे दोन्ही गाळून टाकल्यासारखं होतं.

तिसरी चूक: पाणी

उजनी म्हणजे एखादं स्थिर तळं नव्हे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला मृतसाठा सुमारे ६३ टीएमसी, म्हणजे निम्म्याहून जास्त. म्हणून दर उन्हाळ्यात "उजनी उणे अमुक टक्के" अशी बातमी येते. २०२४च्या उन्हाळ्यात आकडा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. हे उणे उपयुक्त साठ्याच्या हिशोबाने असतं, धरण कोरडं पडलं असा त्याचा अर्थ नाही. पण काठ मैल-मैल मागे सरकतो. पळसदेवचं बुडालेलं देऊळ बाहेर येतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते.

आता वनस्पतीच्या बाजूने विचार करा. ऑक्टोबरात जिथे हायड्रिला पाण्याखाली होती, तिथे मे महिन्यात नांगर चाललेला असू शकतो. तिचे कंद त्या चिखलात आहेत. किती टिकतात? किती वाळतात? नांगरटीने वर येऊन मरतात की पसरतात? ते पोखरणारा भुंगा इथे आहे का? "हायड्रिला झपाट्याने वाढते" या वाक्यात यातलं काहीच नाही. ऑक्टोबरात एकदा आणि तोही एकाच ठिकाणी नमुना घेतला तर यातलं काही दिसणारही नाही. माझे नमुने हिवाळ्यातले होते, सगळे.

दुसरी गोष्ट पोषकद्रव्यांची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. हायड्रिला चिखलात मुळं रोवते आणि फॉस्फरस मोठ्या प्रमाणात गाळातून घेते. जलपर्णी पाण्यावर तरंगते, थेट पाण्यातून खाते आणि खालचा उजेड अडवते. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, खरोखरच परकी. तक्त्यात या दोघींना एकाच "तण" रकान्यात बसवलं की एक पाहुणी आणि एक घरची, एक उजेड अडवणारी आणि एक उजेड लागणारी, हा सगळा फरक पुसला जातो. निर्मूलनाची शिफारस करताना तर हा फरक फार महागात पडू शकतो. बुडालेलं झाड काढलं की त्याखालची पोषकद्रव्यं नाहीशी होत नाहीत. ती वापरायला मग शैवाल किंवा जलपर्णी मोकळी होते.

पण उलट टोकही नको

इथे काही जण लगेच दुसऱ्या बाजूला उडी मारतात. स्थानिक आहे म्हणजे चांगली, पाणी शुद्ध करते, राहू द्या. हाही तयार परिच्छेदच, फक्त पोपटी रंगाचा.

हायड्रिला दाट झाली की जाळी अडकतात, मोटारीचा फुटवॉल्व्ह तुंबतो, होडीला अडथळा होतो. दिवसा ती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढते की पीएच चढतो. रात्री तिचं श्वसन चालू राहतं आणि दाट गुंत्यात ऑक्सिजन खाली येतो. गरम, दाट, कार्बन कमी असलेल्या पाण्यात ती सी-थ्री सोडून सी-फोर पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करू लागते, तेही क्रान्झ रचना नसताना, एकाच पेशीत. पाठ्यपुस्तकातली सी-फोरची आकृती पाठ करून आलेल्यांनी हे मुद्दाम वाचावं.

याच गुंत्यात गोगलगायी असतात, कीटकांच्या अळ्या असतात, माशांची पिल्लं लपतात. वारकरी पक्षी आणि काही बदकं तिचे कोंब खातात. १९५९ साली भारतात आणलेला गवत्या मासाही ती आवडीने खातो. एकाच झाडाची बाजू सकाळी आणि मध्यरात्री वेगळी असते, काठावर आणि खोल पाण्यात वेगळी असते.

'उथळ तळ्यांच्या दोन अवस्था' हा शेफर आणि सहकाऱ्यांचा १९९३चा प्रसिद्ध लेख हल्ली सगळे उद्धृत करतात. झाडं असतील तर पाणी नितळ, झाडं गेली तर गढूळ आणि शैवालाने भरलेलं. कल्पना सुंदर आहे. पण ती उथळ तळ्यांसाठी मांडलेली आहे. उजनीसारख्या खोल आणि दरवर्षी प्रचंड वर-खाली होणाऱ्या जलाशयाला ती जशीच्या तशी लावणं म्हणजे फ्लोरिडाऐवजी युरोप चिकटवणं. काठाच्या उथळ पट्ट्यात ती कदाचित लागू पडेल, पण ते मोजून दाखवावं लागेल.

आणखी एक उदाहरण देते. अमेरिकेत १९९०च्या दशकापासून काही जलाशयांवर टकले गरुड मज्जासंस्थेच्या एका आजाराने मरत होते. २०२१ साली 'सायन्स'मध्ये कारण प्रसिद्ध झालं. हायड्रिलाच्या पानांवर वाढणारा एक सायनोबॅक्टेरिया ब्रोमीनयुक्त विष तयार करतो. ते पान वारकऱ्याच्या जातभाईंनी खाल्लं आणि त्यांना गरुडांनी खाल्लं. उजनीतही तसं होतं असं मी म्हणत नाहीये. सांगायचं एवढंच, की "हायड्रिलाची भूमिका" हा शब्दप्रयोगच अपुरा आहे. पानावर काय आहे, पाण्यात काय आहे, खाणारा कोण आहे, याशिवाय भूमिका ठरत नाही.

मग लिहायचं काय?

आज तो प्रकल्प पुन्हा लिहायला मिळाला तर त्या जागी मी एवढंच लिहीन. जेऊरजवळच्या बॅकवॉटरच्या काठावर अमुक महिन्यात, अमुक खोलीवर, गाळात मुळं धरलेली हायड्रिला व्हर्टिसिलाटा मिळाली. ओळख पानाचे दात, बगलेतले खवले आणि कंद यांवरून केली, नमुना अमुक हर्बेरियममध्ये अमुक क्रमांकाने ठेवला. ही प्रजाती इथली आहे. तिच्या गुंत्यात अमुक प्राणी दिसले. पहाटेचा आणि दुपारचा ऑक्सिजन असा होता. पाणी ओसरल्यावर त्याच जागी कंदांची स्थिती अशी होती. बस. निर्मूलन किंवा संवर्धन, कुठलीही शिफारस नाही, कारण एका हंगामाच्या निरीक्षणावर ती करण्याचा अधिकार मला नाही.

हे वाचायला तो जुना परिच्छेद वाटतो तेवढं भारदस्त वाटणार नाही, मान्य. पण यातलं प्रत्येक वाक्य कुणीही काठावर जाऊन तपासू शकेल. जुन्या परिच्छेदातलं एकही वाक्य जेऊरला तपासलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी पुढच्या वर्षी करमाळा, इंदापूर किंवा माढा भागात काम सुरू करणार असेल तर एक विनंती. पावसाळ्यानंतर एकदा जाऊन जागेची खूण करून ठेवा. मग मे महिन्यात, पाणी मागे गेल्यावर, त्याच खुणेवर खुरपं घेऊन परत जा. ऊन भयंकर असेल, टोपी आणि पाणी जास्तीचं न्या. आणि चिखलातला प्रत्येक कंद मोजा. पोखरलेला सापडला तर तो आधी वेगळ्या बाटलीत ठेवा.